दादाने आणलेला कुत्रा, ताईने आणलेली कुत्री

वडील गेल्यावर महिनाभरातच दादाने ठरवून टाकलं, की ताईने वर्कशॉपला कुलूप लावायचं आणि त्याच्याकडे राहायला यायचं. ताईला विचारलं नाही असं म्हणता येणार नाही. विचारलं, पण तेव्हा ती एका जुन्या आरामखुर्चीला कापड ठोकत होती आणि तिच्या तोंडात चुका होत्या.

चुका म्हणजे गादीकामातले बारीक खिळे. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे धरायला तिसरा हात आणायचा कुठून? ते ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचे. वडिलांनी तिला हे शिकवलं तेव्हा तिची शाळा नुकतीच संपली होती. तेव्हापासून घरात कुणी काही विचारलं की ताईचं उत्तर एकच: "हं." त्या 'हं'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच असायचा. घरच्यांनी तो कायम 'बरं' असा घेतला. धाकटा भाऊ चेष्टेने म्हणायचा, "आमची ताई कधी चुकत नाही. चुका सगळ्या तोंडातच असतात तिच्या."

दादाचा तिच्यावर जीव नव्हता असं नाही. आई लवकर गेली, वडील अबोल. थोरलेपण कोवळ्या वयात अंगावर पडलं आणि पुढे अंगात मुरलं. कुणी काय शिकायचं, कुठला डॉक्टर चांगला, पडदे कुठल्या रंगाचे, सगळं दादा सांगायचा. ताईला त्याने टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. ती क्लासला म्हणून निघायची आणि वडिलांच्या शेजारी बसून काथ्या पिंजायची. पुढे त्याने तिच्यासाठी स्थळ आणलं. त्या दिवशी मात्र ताईने चुका तळहातावर काढून ठेवल्या आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "नाही." लग्न तेव्हाही झालं नाही आणि नंतरही झालं नाही. दादाला ते 'नाही' इतकं लागलं होतं, की पन्नाशी उलटेपर्यंत ताईने दुसरं काढलं नव्हतं.

आता काढलं. हातोडी खाली ठेवली, चुका वाटीत टाकल्या.

"मी कुठेही येणार नाही. मी इथेच राहणार."

"एकटी?" दादा म्हणाला.

वर्कशॉपच्या मागे दोन खोल्या, पुढे रस्ता, शेजारी रात्री बंद होणारी दुकानं. दादाच्या त्या एका शब्दात हे सगळं होतं. आणि मग, कुठून आलं तिचं तिलाही कळलं नाही, पण तोंडातून निघून गेलं, "एकटी कशाला? कुत्रा पाळीन."

धाकटा खो खो हसला. या घरात कुणी कधी पोपटसुद्धा पाळला नव्हता. पण बोलून झालं होतं, आणि हसण्यामुळे ते पक्कं झालं. ताई म्हणाली, "हसा. पाळणार म्हणजे पाळणार."

दादा हसला नाही. तो विचारात पडला. आठवड्याभरात तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात साखळी होती आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला एक अल्सेशियनचं पिल्लू. पिल्लू म्हणायचं वयावरून. अंगाने ते आत्ताच वासराएवढं होतं. काळी पाठ, तांबडे पाय, एक कान उभा, दुसरा अजून विचार करत असलेला.

"जातिवंत आहे," दादा म्हणाला. "वर्षभरात असा होईल, की दाराकडे कुणी वाकड्या नजरेने बघणार नाही. नाव सुलतान."

नावसुद्धा तोच घेऊन आला होता. ताईने काही म्हणायच्या आत पिल्लाने तिच्या हाताला ओलं नाक लावलं. त्या नाकाला नाही म्हणणं तिला जमलं नाही. हे तिने नंतर कबूल केलं: दादाला नाही म्हणता आलं असतं, नाकाला नाही.

सुलतान गुणी होता, यात शंका नाही. हुशार इतका, की दुसऱ्या दिवशी दाराची कडी कशी निघते ते त्याला कळलं. आणि दमणं त्याला माहीत नव्हतं. ताई सकाळी उठून त्याला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन आणायची; त्याच्या हिशेबात ती सुरुवातही नव्हती. परत आला की तो कामाला लागायचा. फोमचे तुकडे फाडायचे, काथ्याचं पोतं उसवायचं, रेक्झिनचं भेंडोळं रस्त्यापर्यंत ओढत न्यायचं. एका गिऱ्हाइकाचा सोफा ताईने दिवसभर खपून बांधला आणि ती चहा करायला आत गेली. बाहेर आली तेव्हा सुलतान त्या सोफ्याच्या पोटातून स्प्रिंग बाहेर काढून तिच्याशी झटापट करत होता. तिला बघून त्याने शेपटी हलवली. बघ, मीही तुझंच काम करतोय, असं काहीतरी त्याच्या तोंडावर होतं.

ताईने रागावून बघितलं, लाडाने बघितलं, बांधूनही बघितलं. बांधला की तो रडायचा. शेवटी एक दिवस त्याने फोम गिळला आणि ताईला त्याला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यावं लागलं. त्यांनी औषध देऊन पोटातला गोळा बाहेर काढला, मग हात धुता धुता विचारलं, "पहिलाच कुत्रा का?"

"हो."

"हा कुणी निवडला?"

"भावाने."

"मग याला रोज पळवायलाही भावालाच सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुत्रा उत्तम आहे. पण याला काम हवं, धावायला जागा हवी, आणि शिकवणारा हात हवा. तुम्ही दिवसभर खाली मान घालून काम करणार. तुमचेही हाल, याचेही."

ताईला ते पटलं, पण पटलेलं पचायला वेळ लागतो. दारात आलेलं जनावर परत करायचं म्हणजे हार मानल्यासारखं वाटत होतं. आणि रात्री झोपताना सुलतान तिच्या पायावर डोकं टाकायचा, ते होतंच. तिने मनाशी म्हटलं, जमेल हळूहळू.

हळूहळू जमायच्या आधी ती पडली. समोरच्या फुटपाथवरून मांजर गेलं, सुलतानने झेप घेतली, साखळी ताईच्या मनगटाला गुंडाळलेली होती. ती रस्त्यावर आडवी झाली. उजवं मनगट सुजून टम्म झालं. हातोडीचा हात. डॉक्टरांनी त्याला पट्टा बांधला आणि काम बंद करायला सांगितलं.

दादा, वहिनी आणि धाकटा, तिघेही त्या संध्याकाळी आले. वर्कशॉपमध्ये अर्धवट सोललेल्या खुर्च्या पडल्या होत्या. त्यांच्यातल्याच तीन खुर्च्यांवर ते बसले. सुलतान मध्ये उभा राहून सगळ्यांकडे आळीपाळीने आनंदाने बघत होता.

"बघ," दादा म्हणाला. "मी म्हटलं होतं. तुला एकटीला जमायचं नाही. आता तरी चल."

ताईच्या तोंडात त्या दिवशी चुका नव्हत्या.

"दादा, मी एकटी होते म्हणून पडले नाही. हा कुत्रा माझा नव्हता म्हणून पडले."

"म्हणजे?"

"तुझ्या मनातल्या भीतीसाठी तू कुत्रा आणलास. मला केवढा पेलेल, माझं घर केवढं, मी दिवसभर काय करते, यातलं काही विचारलंस? तुला दारात वाघ हवा होता. तुझ्या दारात बांध."

धाकटा खुर्चीत जरा खाली सरकला. वहिनी भिंतीकडे बघू लागल्या.

"प्रेमाने आणलेली वस्तू परत करतेस?" दादाचा आवाज चढला.

"वस्तू असती तर ठेवून घेतली असती माळ्यावर. तू आणलेलं टायपिंगचं मशीन ठेवलंय तसं. हा जिवंत आहे." ताईने डाव्या हाताने साखळी उचलली आणि दादाच्या मांडीवर ठेवली. "आणि ऐक. कुत्रा मी पाळणारच आहे. फक्त तो मी बघून आणीन."

दादा उठला, साखळी घेतली आणि निघाला. सुलतान वळून वळून बघत गेला. त्या रात्री ताई रडली. पण सकाळी तिला आठवलं की रडताना आपण एकदाही 'चुकलं' असं म्हटलं नव्हतं.

हात बरा होईपर्यंत काम नव्हतंच. गावाच्या टोकाला, जुन्या गोदामांच्या मागे, सोडून दिलेल्या कुत्र्यांचा निवारा होता. ताई बसने तिथे गेली. निवारा सांभाळणारी बाई गुडघ्यापर्यंत गमबूट घालून होजपाइपने फरशी धूत होती. ताईने तिचं नाव मनातल्या मनात गमबूटवाली ठेवलं आणि पुढेही तेच राहिलं.

"कसा कुत्रा हवाय?" गमबूटवालीने विचारलं.

"ते कळलं असतं तर पहिल्यांदाच पडले नसते," ताई म्हणाली.

गमबूटवाली हसली आणि पाणी बंद केलं. मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात जिने आहेत का? दिवसभर घरी कोण असतं? चालायला किती आवडतं, खरं सांगा. कुत्रा घाण करेल तेव्हा राग किती वेळ टिकतो? आजारी पडलात तर त्याला कोण बघेल? ताईला आयुष्यात कुणी एवढे प्रश्न विचारले नव्हते, तेही उत्तर ऐकण्यासाठी. ती प्रत्येकावर विचार करून बोलली. चालायला आवडतं, पळायला नाही. राग चहा होईपर्यंत टिकतो. शेवटच्या प्रश्नावर ती अडली. "सुतार," ती म्हणाली. "सोफ्याचे सांगाडे करून देतो तो. त्याला विचारते."

"विचारा आणि मग या," गमबूटवाली म्हणाली.

ताई विचारून पुन्हा गेली. पहिल्यांदा तिचं मन एका पांढऱ्या झुपकेदार कुत्र्यावर गेलं. कापसाचा ढीगच. गमबूटवालीने त्याला रोज विंचरावं लागतं ते सांगितलं, आणि तो एकटा राहिला की ओरडून ओरडून घसा बसवतो तेही सांगितलं. ताईने त्याचे केस चाचपले आणि त्यात काथ्याचे तंतू आणि खिळे अडकलेले तिच्या डोळ्यांपुढे आले. "नको रे बाबा," ती त्याला म्हणाली. "तू माझ्याकडे आलास तर आठवड्यात तुझीच गादी होईल."

पिल्लं तर फारच गोड होती. त्यांच्या कुंपणाकडे ताई गेलीच नाही. स्वतःला ती ओळखून होती.

त्यानंतरच्या खेपेला तिने पिशवीतून हातोडी आणि फळीचा तुकडा काढला, तेव्हा मात्र गमबूटवाली चक्रावली.

"हे काय?"

"माझ्या घरात दिवसभर हा आवाज असतो. तो ज्याला सोसेल तो माझा."

हात अजून पुरता बरा नव्हता, म्हणून तिने डाव्या हाताने ठोकायला सुरुवात केली. ठक ठक ठक. अंगणात हलकल्लोळ झाला. काही भुंकू लागले, काही शेपूट पायात घालून पळाले, एकाने फळीच पळवायचा प्रयत्न केला. भिंतीच्या सावलीत एक मध्यम अंगाची कुत्री पडली होती. रंग जुन्या पोत्याचा, एका कानाचा शेंडा तुटलेला, थोबाडावर पांढरी लव येऊ लागलेली. तिने मान वर केली, हातोडीकडे बघितलं, ताईकडे बघितलं आणि पुन्हा मान पायावर टाकली.

"बहिरी आहे का?" ताईने विचारलं.

गमबूटवालीने खिशातली बिस्किटाची पुडी नुसती चुरगळली. कुत्री ताडकन उठून समोर हजर झाली.

"बहिरी नाही," गमबूटवाली म्हणाली. "निवडून ऐकते."

ताईने तिला गोदामांच्या रस्त्यावर फिरवून आणलं. कुत्री बाजूने चालली, वास घ्यायला थांबली की ताईही थांबली. मांजर आडवं गेलं तेव्हा ताईने श्वास रोखला. कुत्रीने त्याच्याकडे जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. सहा-सात वर्षांची असेल, आधीचे मालक घर बदलताना सोडून गेले, पाय थोडे दुखतात, गडगडाटाला घाबरते, आणि खायचं चोरते, हे सगळं गमबूटवालीने न लपवता सांगितलं. "पंधरा दिवस नेऊन बघा. नाही जमलं तर आणून सोडा, लाजू नका."

ताईने तिचं नाव उशी ठेवलं.

उशी घरी आल्या आल्या देवमाणूस झाली असं नाही. पहिल्या रात्री तिने दारापाशी बसून असा सूर लावला, की शेजारचा बेकरीवाला विचारायला आला. ग्राहकांच्या मखमलीवर तिचे केस चिकटायचे. ताईला प्रत्येक खुर्ची ब्रशने झाडून द्यावी लागे. हेल्मेट घातलेला माणूस तिला आवडायचा नाही आणि पार्सलवाले तर सगळे हेल्मेटवालेच. पण ताई कामाला बसली की ती पायाशी पसरायची. ठोकाठोक सुरू झाली की तिचं घोरणं सुरू व्हायचं. जमिनीवर पडलेल्या खिळ्यांसाठी ताईने लोहचुंबक आणलं आणि दिवसातून चारदा फिरवू लागली. वडिलांनी ही शिस्त जन्मभर सांगितली होती. ती लागली कुत्रीमुळे.

धाकटा बघायला आला आणि हसून हसून खुर्चीत कोसळला. "ताई, ही राखण करणार? ही चोराला आधी पाणी विचारेल, मग कपाट कुठंय ते दाखवेल."

"चोराचं मी बघते," ताई म्हणाली. "सोबतीचं ती बघते."

"अगं, निदान दिसायला तरी बरी आणायची. लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, स्वतःचा कुत्रा स्वतः निवडा. मजा येते."

हे दादापर्यंत पोचलंच असणार. दादाचा फोन येत नव्हता. फोन आला तो वहिनींचा, दुपारी, दबक्या आवाजात.

"ताई, तुम्ही येऊन जाल का? सुलतान दिवसभर गॅलरीत बांधलेला असतो. गळ्याला जखम झालीय. यांना संध्याकाळी वेळ होत नाही, मला तो आवरत नाही. खालचे लोक तक्रार करतात. यांना काही सांगायची सोय नाही."

ताईने काम तसंच टाकलं. पण दादाकडे जायच्या आधी ती सुताराकडे गेली. सुताराची वखार गावाबाहेरच्या रस्त्यावर होती, मागे मोठं कुंपण घातलेलं आवार. त्याचा आधीचा, असाच काळ्या पाठीचा कुत्रा म्हातारपणाने गेला होता आणि तेव्हापासून तो आवारात गेला की उगीच शीळ घालायचा, हे ताईने पाहिलं होतं.

"सकाळी किती फिरतोस?" ताईने सुरुवात केली. "राग किती वेळ टिकतो? रात्री आवाराचं दार कोण लावतं? बायकोला चालेल का?"

सुतार रंधा थांबवून बघत राहिला. "ताई, मुलगी बघायला आलीयेस का?"

"मुलगा आहे. घोड्यासारखा. शिकवलंस तर सोनं होईल, बांधून ठेवलास तर वाया जाईल. आधीच्याला तू कसं शिकवलंस ते सांग."

सुतार बराच वेळ सांगत राहिला. बायकोनेही बाहेर येऊन दोन गोष्टी सांगितल्या. ताईने ऐकलं, समाधान झाल्यावर म्हणाली, "चल, गाडी काढ."

दादा घरीच होता. ताई सरळ गॅलरीत गेली. सुलतान तिला बघून इतका उडाला, की साखळीने त्याला मागे आपटलं. त्याच्या गळ्याभोवतीचे केस गेले होते. ताई खाली बसली आणि कडी काढू लागली.

"काय चाललंय?" दादा दारात उभा.

"घेऊन जातेय. सुतार खाली उभा आहे. त्याच्या आवारात राहील."

"माझ्या घरातला कुत्रा मला न विचारता द्यायचा? मी ठेवलाय त्याला नीट. खायला देतो, डॉक्टर करतो."

"त्याच्या गळ्याला हात लावून सांग, नीट आहे म्हणून."

दादा पुढे आला नाही. "मी निर्णय घेतला होता," तो म्हणाला. "चूक असेल. पण माणूस चांगल्यासाठीच करतो ना?"

"करतो. आणि समोरचा रडायला लागला तरी सोडत नाही, त्याचं काय?" कडी निघाली. "दादा, मी आता या दारातून जाणार. अडवायचं तर अडव."

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या आणि दादाच्या शेजारून पुढे होऊन त्यांनी दार सताड उघडलं. नवऱ्याकडे बघितलंही नाही. सुलतानने ताईला ओढत जिना उतरवला. या वेळी साखळी मनगटाला गुंडाळलेली नव्हती, मुठीत होती, आणि पुढे सुतार दोन्ही हात पसरून उभा होता.

त्या आठवड्यात ताई वखारीत गेली तेव्हा सुलतान सुताराच्या मागेपुढे फळकुट तोंडात धरून फिरत होता. तिला भेटला, चाटून काढलं, आणि सुताराची शीळ ऐकून उडत परत गेला. ताईला क्षणभर टोचलं. मग बरं वाटलं.

दादाने बरेच दिवस अबोला धरला. ताईनेही सोडवायला धाव घेतली नाही. गिऱ्हाइकं होती, हात पुन्हा चालू लागला होता, संध्याकाळी उशीबरोबर बेकरीपर्यंत जाऊन यायचं होतं. लोक विचारायला येऊ लागले, आम्हालाही कुत्रा घ्यायचाय, कुठला घेऊ? ताई त्यांना गमबूटवालीचा पत्ता द्यायची आणि म्हणायची, आधी स्वतःला बघून घ्या, मग कुत्रा बघा.

एका सकाळी दादा आला. हेल्मेट काढायचं विसरला होता, त्यामुळे उशीने त्याच्यावर भुंकून घेतलं. तो दचकला, हेल्मेट काढलं, आणि ती लगेच त्याचे बूट हुंगायला लागली. दादा तिच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "तुझी वहिनी म्हणते, तिला मांजर पाळायचंय."

"बरं."

"मी म्हटलं, पर्शियन आणू. जातिवंत असतात. चौकशी करून ठेवलीय."

"आणि वहिनी काय म्हणाल्या?"

दादाने हेल्मेटचा पट्टा उगाच लावला, पुन्हा काढला. "म्हणाली, तुम्ही आणलंत तर मी माहेरी जाईन. माझं मी बघणार." त्याने हेल्मेट बाजूला ठेवलं. "तुला काय वाटतं, कुठलं चांगलं?"

ताईला हसू फुटलं. तिने ते लपवलं नाही.

"मला काय विचारतोस? पाळणार कोण?"

"ती."

"मग गाडी काढ, तिला घेऊन निवाऱ्यात जा, आणि तिथे तोंड बंद करून उभा राहा. गमबूट घातलेली एक बाई प्रश्न विचारेल. उत्तरं वहिनी देतील."

"आणि मी काय करू?"

"पिंजरा धर," ताई म्हणाली, आणि नव्या खुर्चीचा पट्टा ताणायला घेतला.